शेक आणि केमोनंतर आवाज बसला असेल तर: कुठे जायचं, काय करायचं, काय टाळायचं

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी सात आठवडे शेक, म्हणजे रेडिओथेरपी, झाला, सोबत केमो झाली, गाठ विरघळली. घरी आल्यावर लक्षात येतं की आवाज काही परत आलेला नाही. फोनवर सख्खी बहीण ओळखत नाही, किराणा दुकानात एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते आणि दिवेलागणीपर्यंत घसा ठणकायला लागतो. त्यात घरचे म्हणतात, "जीव वाचला ना, आवाजाचं काय घेऊन बसलात!" हे प्रेमापोटीच म्हटलं जातं, पण त्या बोलण्यापायी रुग्णाचे नेमके कामाचे महिने वाया जातात. आवाजावर उपचार आहेत. ते लवकर सुरू झाले तर त्यांचा चांगला उपयोग होतो.

हा लेख रुग्णासाठी आहे आणि त्याची फाईल काखेत धरून दवाखाने हिंडणाऱ्या मुला-मुलीसाठी, सुनेसाठी, भावासाठीही आहे. ज्यांचं स्वरयंत्र ऑपरेशन करून काढलं आहे आणि श्वास गळ्याच्या छिद्रातून चालतो, त्यांची वाट पूर्ण वेगळी आहे. इथले व्यायाम त्यांच्यासाठी नाहीत.

१. आधी समजून घ्या: आवाज बसतो कशाने

"गाठ तर जिभेला होती, मग आवाज का गेला?" हा प्रश्न हमखास पडतो. जिभेच्या किंवा टॉन्सिलच्या गाठीला शेक देताना मानेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींनाही बहुतेक वेळा शेक द्यावा लागतो, आणि स्वरयंत्र बरोबर त्यांच्या मधोमध असतं. पूर्ण कोर्स साधारण ३३ ते ३५ बैठकांचा, ६६ ते ७० ग्रे इतका (ग्रे म्हणजे शेकाची मात्रा मोजायचं माप). त्यातला काही भाग स्वरयंत्राच्या वाट्याला येतोच.

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बाईचे दोनशेच्या आसपास थरथरतात. त्यांचं वरचं अस्तर मऊ, ओलं आणि सैल असतं म्हणून हे जमतं. शेकाने तीन गोष्टी होतात. अस्तर सुजतं, लाळ आणि कफ घट्ट होऊन ओलावा जातो, आणि पुढे काही महिन्यांत आतला मऊ थर चिवट होत जातो. ओल्या कातड्याने आणि वाळून कडक झालेल्या कातड्याने वाजणं यात जो फरक, तोच इथे पडतो. मग रुग्ण आवाज काढण्यासाठी मानेचे स्नायू आवळून जोर लावतो आणि हळूहळू ती सवयच जडते. सूज उतरल्यावरही आवाज चिरका राहतो तो बरेचदा या सवयीमुळे, आणि व्यायामाने सगळ्यात जास्त सुधारणारा भागही हाच आहे.

केमोचा एक आडवळणाचा परिणाम अनेकांच्या ध्यानात येत नाही. शेकासोबत बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन देतात. त्या औषधाने बारीक, उंच सुरांचं ऐकू येणं कमी होऊ शकतं. स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडून बोलतो आणि घसा आणखी सोलवटतो. म्हणून आवाजासाठी गेलात तरी कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, मागून घ्या.

वेळेचा अंदाजही डोक्यात असू द्या. शेकाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आवाज बिघडतो. शेक संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वात वाईट जातात. तीन महिन्यांत फरक जाणवतो आणि वर्षभर थोडी थोडी सुधारणा चालू राहते. ज्यांना मुळात स्वरतंतूंवरच गाठ होती, त्यांचा आवाज उपचारानंतर आधीपेक्षा बरा झालेलाही दिसतो.

२. फाईल लावून घ्या

कागद अपुरे असल्यामुळे रिकाम्या हाताने परत येणं हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात त्रासदायक घोळ आहे. हिंगोलीहून संभाजीनगरला पहाटेची गाडी धरून जायचं आणि एका कागदासाठी माघारी यायचं, ही वेळ येऊ देऊ नका. प्लास्टिकच्या एकाच फाईलमध्ये हे लावा, सगळ्यात जुना कागद खाली:

- बायोप्सीचा रिपोर्ट
- उपचाराआधीचं आणि नंतरचं सीटी, एमआरआय किंवा पेट-सीटी, रिपोर्ट आणि सीडी दोन्ही
- शेकाचा गोषवारा: एकूण किती ग्रे, किती बैठका, कोणत्या भागाला, सुरू आणि संपल्याची तारीख
- केमोच्या औषधाचं नाव आणि किती वेळा दिलं
- डिस्चार्ज कार्ड
- टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) आणि हिमोग्लोबिनचे ताजे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची चिठ्ठी, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांसकट
- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन्ही कार्डांच्या दोन-दोन छायाप्रती

यातला शेकाचा गोषवारा बहुतेकांकडे नसतो. डिस्चार्जच्या वेळी तो मागायचा राहून जातो. रेडिओथेरपी विभागात जाऊन केस नंबर सांगितला की काढून मिळतो. स्वरयंत्रावर किती शेक पडला याचा अंदाज त्यावरूनच येतो, त्यामुळे त्याचा पाठपुरावा सोडू नका. प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा.

३. आधी दुर्बीण, मगच व्यायाम

नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणताही आवाजाचा व्यायाम सुरू करू नका. बसलेला आवाज सुजेमुळे असेल, बुरशीमुळे असेल, एक स्वरतंतू लुळा पडल्यामुळे असेल किंवा गाठ परत आल्यामुळे असेल. चारही वेळा बाहेरून ऐकू येणारा घोगरेपणा सारखाच वाटू शकतो.

जिथे शेक झाला तिथलाच कान-नाक-घसा विभाग पहिली पसंती, कारण जुनी तुलना त्यांच्याकडे असते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि घाटी (तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), लातूरचं विवेकानंद रुग्णालय, आणि धाराशिव-बीडच्या लोकांना जवळ पडणारं बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. नुसत्या दुर्बीण तपासणीसाठी मात्र एवढं लांब जायची गरज नाही. अंबाजोगाई, नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. नाकात आणि घशात बधिरतेचा फवारा मारतात. घसा बधिर असेपर्यंत, साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. शक्य तिथे स्ट्रोबोस्कोपी होते का, हे विचारा. त्यात स्वरतंतूंची थरथर संथ गतीत दिसते आणि कोणता भाग कडक झाला आहे ते नेमकं कळतं. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागून घ्या.

डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं चिठ्ठीवर लिहून आणा. दोन्ही स्वरतंतू हलतात का? सूज किती आहे? बुरशी किंवा जखम आहे का? गिळताना पाणी श्वासनलिकेत जातं का?

४. या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा: श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा करवतीसारखा आवाज येणं, बसल्या जागी धाप लागणं, आडवं झालं की गुदमरणं, खोकल्यातून किंवा थुंकीतून रक्त, पाण्याचा घोटही खाली न उतरणं. शेकाने सुजलेलं स्वरयंत्र साध्या सर्दीनेही आणखी सुजतं आणि हवेची वाट अरुंद होते.

आठवड्याच्या आत दाखवा: एकाच कानात कळ येणं, मानेत नवी गाठ, तोंडात न भरणारा फोड, वजन उतरत जाणं.

आणि सगळ्यात महत्त्वाची खूण ही: सुधारत आलेला आवाज पुन्हा बसला आणि दोन-तीन आठवडे तसाच राहिला, तर ते "हवा बदलली", "थंड पाणी प्यायले" यावर ढकलू नका. गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स घेत दोन महिने घालवणं, हा या आजारातला सर्वात महाग पडणारा सापळा आहे. एक कोर्स झाला, फरक नाही, तर दुर्बीण. पहिल्या दोन वर्षांत तर नक्कीच, कारण गाठ परत येण्याचा धोका त्याच काळात जास्त असतो.

आणखी एक घरगुती चाचणी. दोन घोट पाणी प्या आणि लगेच "आऽऽ" म्हणा. आवाज पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळ येत असेल, तर पाणी स्वरतंतूंवर रेंगाळत आहे. अशा वेळी खोकला येईलच असं नाही, कारण शेकाने घशाची संवेदनाही मंदावते. म्हणजे खोकला नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. वारंवार ताप आणि छातीत कफ होत असेल तर गिळण्याची तपासणी आधी, आवाजाचं नंतर.

५. स्पीच थेरपिस्ट कसा शोधायचा

आवाज सुधारण्याचं काम करणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट, कागदोपत्री ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो पाटीवर किंवा लेटरहेडवर बघा, नसेल तर सरळ विचारा. नुसतं कानाचं मशीन विकणारं दुकान म्हणजे स्पीच थेरपी नव्हे.

आपल्याकडचे बरेचसे थेरपिस्ट लहान मुलांच्या बोलण्यावर काम करतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही हे पद असतं, पण ते केंद्र मुलांसाठी. तिथे चौकशी करा, मोठ्यांसाठी कोण बघतं ते त्यांना ठाऊक असतं. पहिल्या फोनवरच विचारा, "शेक घेतलेल्या मोठ्या माणसाच्या आवाजावर काम करता का?" मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. टाटा रुग्णालयातल्या तपासणीसाठी मुंबईला जाणारच असाल तर त्याच फेरीत तिथली वेळ बसवता येते का पाहा.

दर आठवड्याला शहरात जाणं परवडत नसेल तर पहिली आणि चौथी-पाचवी भेट समोरासमोर आणि मधल्या व्हिडिओ कॉलवर, असं ठरवून घ्या. आठ-दहा भेटींचा बेत धरा. दोन भेटींत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

शेक अजून सुरू व्हायचा असेल तर फारच उत्तम. तेव्हाच एकदा थेरपिस्टला भेटा, आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि गिळण्याचे व्यायाम शिकून घ्या. दातांच्या डॉक्टरांकडेही तेव्हाच जाऊन या, कारण शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

६. दर रविवारी एक रेकॉर्डिंग

फोनमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर पुरे. पंखा-कूलर बंद, तीच खोली, सकाळची तीच वेळ, फोन तोंडापासून वीतभर लांब. तीन गोष्टी रेकॉर्ड करा.

एक, पूर्ण श्वास घेऊन नेहमीच्या सुरात "आऽऽ" जितका लांबेल तितका, तीन वेळा. सर्वात लांब किती सेकंद गेला, ते वहीत लिहा. निरोगी मोठ्या माणसाचा साधारण १५ सेकंद किंवा जास्त जातो. १० च्या खाली असेल तर हवा वाया जात आहे किंवा फुप्फुसाचीच ताकद कमी आहे. दोन, एका दमात १ ते २० आकडे. श्वास कितव्या आकड्याला तुटला ते लिहा. तीन, ठरावीक चार ओळी, ज्या तुम्हाला पाठ आहेत त्या. ओळी मधेच बदलू नका, नाहीतर तुलना फसते.

रोज रेकॉर्ड करून रोज ऐकू नका. सकाळ-संध्याकाळच्या चढउताराने मन खचतं. फरक महिन्याच्या अंतराने ऐकू येतो.

७. नळीचा व्यायाम: हा नीट शिका

दुर्बीण झाली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, तोंडातले फोड भरले, की हा पहिला व्यायाम. पाणी श्वासनलिकेत जात असल्याचं निदान असेल तर पाण्याविना, नुसत्या नळीनेच करा आणि तोही थेरपिस्टला विचारून.

साहित्य: काचेचा पेला आणि रसवंतीत मिळते तशी ५-६ मिलिमीटर जाडीची सरळ नळी. फ्रूटीच्या डब्याची बारीक नळी सुरुवातीला नको, तिला फार जोर लागतो.

१. खुर्चीत ताठ बसा, दोन्ही पावलं जमिनीला टेकवा, खांदे सैल सोडा. पेला हनुवटीच्या उंचीवर धरा, म्हणजे मान खाली वाकणार नाही.
२. पेला अर्धा भरा. नळीचं टोक पाण्यात बोटाच्या एका पेराइतकं, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर बुडवा.
३. आधी आवाज न करता फुंका. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. दहा वेळा.
४. आता फुंकतानाच "ऊऽऽ" असा आवाज घुमवा. ओठांना आणि नाकाच्या दांड्याला गुणगुण जाणवली की जागा बरोबर लागली. दहा वेळा.
५. तोच "ऊऽऽ" खालच्या सुरातून वर आणि वरून खाली, सायरनसारखा सावकाश. जिथे आवाज फुटतो तिथे जोर लावू नका, हळू आवाजात तिथून सरकत जा.
६. नळी बाजूला ठेवून लगेच ओठ मिटून "म्ऽऽ" आणि मग त्याच गुणगुणीवर शब्द.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा असं तुकड्यातुकड्याने केलेलं जास्त लागू पडतं. नळी का चालते? तिच्या अरुंद वाटेमुळे हवेचा थोडा दाब उलट मागे स्वरतंतूंपर्यंत पोचतो. त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत आणि कमी जोरात थरथरू लागतात. मान आवळायची सवय मोडते ती इथेच.

कुठे चुकतं? मानेच्या शिरा ताठ दिसल्या तर जोर जास्त होतो आहे, नळी थोडी वर घ्या. बुडबुडे मधेच थांबत असतील तर श्वास छातीतून वरवर घेतला जातो आहे. एक हात पोटावर ठेवा, श्वास घेताना हात बाहेर सरकला पाहिजे. बुडबुडे येतात पण आवाज ऐकूच येत नसेल, तर तुम्ही नुसती हवा सोडताय. सुरुवात "हूं" ने करा. व्यायामानंतर घसा दुखला किंवा आवाज आणखी बसला तर एक दिवस थांबा आणि पुढच्या वेळी अर्धाच करा. आरशासमोर करा, या चुका ताबडतोब दिसतात.

शब्दांसाठी म आणि न भरलेली वाक्यं घ्या, कारण या अक्षरांत आवाज घशातून निघून नाकातोंडात घुमतो: "मामी मनमाडची, मामा मानवतचा." "नाना, मला माठ मांडून द्या ना." आधी जवळजवळ गात म्हणा, मग बोलण्याच्या लयीत आणा. हे बसलं की रोजच्या बोलण्यात एक नियम पाळा. पाच-सहा शब्दांवर थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. एका दमात सगळं सांगून टाकायची घाई आवाजाला मारते.

मान आणि जबडाही मोकळा हवा. तुमची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तर तोंड उघडण्याचे व्यायाम थेरपिस्टकडून वेगळे शिका.

८. घशात ओलावा टिकवणं

आपल्याकडच्या हवेत हे सोपं नाही. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो आणि हवेत दमटपणा नावालाही नसतो. पाणी घोटाघोटाने दिवसभर प्या, दोन-अडीच लिटरपर्यंत. मात्र सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडावर ताण आला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. माठातलं पाणी चालतं, बर्फाचं किंवा गरमच पाहिजे असा काही नियम नाही.

चिकट लाळेसाठी गुळण्या: १ लिटर कोमट पाण्यात १ लहान चमचा खाण्याचा सोडा आणि १ लहान चमचा मीठ. दिवसातून पाच-सहा वेळा, जेवणाआधी आणि नंतर नक्की. पाणी रोज ताजं करा. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, पाच मिनिटं. त्यात बाम, निलगिरी, कापूर काही नको, त्याने अस्तर आणखी कोरडं पडतं. शेकलेल्या कातडीला भाजल्याचं उशिरा कळतं, म्हणून पातेलं तोंडाजवळ नेऊ नका.

सोयाबीनची रास, हरभऱ्याची मळणी, कडबा कुट्टी सुरू असताना रुग्णाने खळ्यापासून लांब राहावं. जावंच लागलं तर नाकातोंडावर ओला पंचा बांधावा. चुलीचा धूर, उदबत्ती, डास घालवायची कॉइल यांचाही तसाच परिणाम होतो. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोलीत चांगला, पण झोताच्या समोर झोपू नका.

ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. ती वरणात किंवा दुधात पूर्ण भिजवून, कुस्करून खा. ठेचा, येसर आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी मात्र काही महिने बाजूला. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका आणि पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. पोटातलं आम्ल रात्री घशात येऊन स्वरतंतू जाळतं, ते त्याने कमी होतं. सकाळी चेहऱ्यावर आणि गळ्यावर येणारी सूजही उतरते.

९. फसवे उपाय

कुजबुजणं म्हणजे घशाला आराम नव्हे. अनेकांची मान कुजबुजताना बोलण्यापेक्षाही जास्त आवळली जाते. हळू, पण खऱ्या आवाजात बोला. महिनोन्महिने मौन धरणंही नको.

सारखं खाकरणं टाळा. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी एक घोट पाणी, किंवा कोरडंच गिळून मग बोला.

खडीसाखर सतत तोंडात ठेवली की कोरड्या तोंडातले दात झपाट्याने किडतात. ज्येष्ठमध रोज चघळल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. सिस्प्लॅटिन झालेल्यांमध्ये क्षारांचा घोळ आधीच असू शकतो. एखादा तुकडा एखाद्या दिवशी ठीक, रोजची सवय नको.

तंबाखू, गुटखा, विडी, मिश्री, सुपारी: एकही नाही. "लाळ सुटावी म्हणून नुसती सुपारी" हे फार ऐकू येतं. सुपारी स्वतःच कर्करोग करते आणि तोंड आखडवते. हे कुणाला रागावून सांगून सुटत नाही. घरात ज्या कोनाड्यात पुडी असायची तिथे बडीशेपेची डबी ठेवा, आणि घरातल्या इतरांनीही त्याच्यासमोर मळायचं थांबवा.

१०. ज्यांचं पोटच आवाजावर आहे त्यांच्यासाठी

शिक्षक, कीर्तनकार, भजनी मंडळातले गायक, आडतीवर हराशी बोलणारे, भाजी विकणाऱ्या बाया. यांनी पूर्ण आवाजात कामावर परतण्याआधी तोंडाजवळ माइक आणि कमरेला स्पीकर असलेलं छोटं यंत्र घ्यावं. ऑनलाइन ते एक-दोन हजारांच्या आसपास मिळतं. माइक ओठांच्या कोपऱ्याला, दोन बोटं दूर. आवाज यंत्राने वाढवायचा, घशाने नव्हे. वर्गात सलग दोन तास घेऊ नका. मुख्याध्यापकांना थेरपिस्टचं पत्र दाखवून मधला तास मोकळा मागा, मिळतो.

शेतात बांधावरून हाक मारणं बंद. गळ्यात शिट्टी अडकवा. एक शिट्टी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे मोटार बंद करा, असं घरात ठरवून टाका. घरात टीव्हीवर आवाज चढवून बोलायची वेळ येऊ देऊ नका.

११. पैसे आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रेशन कार्डधारक कुटुंबं येतात आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे. मात्र प्रत्येक तपासणी योजनेत बसतेच असं नाही. पैसे भरण्याआधी दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, भरल्यावर नाही. योजनेचा फोन: १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराला किंवा फेरतपासणीला जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला तिथे ७५ टक्के सवलत. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांचा मोठा खर्च यात वाचतो. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, त्यावर डॉक्टरांची सही, दवाखान्याचा शिक्का आणि कुठून कुठे ते लिहिलेलं हवं. दवाखान्यातून निघतानाच पुढच्या फेरीचा दाखला घेऊन ठेवा. एसटीतही सवलत आहे, आगारात चौकशी करा.

आवाज कायमचा गेला असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व धरलेलं आहे. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात.

१२. पुढची वर्षं

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी फेरतपासणी असते. आवाज चांगला झाला म्हणून ती चुकवू नका. मानेला शेक झालेल्यांची थायरॉइड हळूहळू मंदावू शकते. त्याने आवाज जड होतो, थकवा येतो, वजन वाढतं, आणि हे सगळं "केमोचा अशक्तपणा" म्हणून खपून जातं. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच करा. गोळीने भरून येणारी गोष्ट आहे.

काही वर्षांनी, क्वचित, शेकलेल्या नसा कमजोर होऊन एक स्वरतंतू लुळा पडतो. गाठ नाही याची खात्री झाल्यावर त्यात भराव करणारं इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन करता येतं. शेकलेली जागा उशिरा भरते, त्यामुळे असा निर्णय घाईने नको. ज्यांनी शेक दिला त्या डॉक्टरांचंही मत घ्या.

ओपीडीत तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. आत गेल्यावर "आवाज बसलाय" एवढंच सांगू नका. फोनमधली तीन रेकॉर्डिंग आधीच शोधून ठेवा, शेक संपल्यावरचं, तीन महिन्यांपूर्वीचं आणि गेल्या रविवारचं, आणि केस पेपर पुढे सरकवताना तीच ओळीने ऐकवा.